कार्डाने उघडणारे दार

मेट्रोच्या फाटकाशी किंवा एखाद्या मोठ्या कार्यालयाच्या दाराशी लोक प्लॅस्टिकचे एक कार्ड भिंतीवरच्या पेटीजवळ धरतात आणि दार उघडते, हे तुम्ही पाहिले असेल. कार्ड पेटीला टेकवावेही लागत नाही. शिवाय या कार्डात विजेचा घट नसतो. मग ते पेटीशी बोलते कसे? आणि कोणीही त्याची नक्कल करून आत का शिरू शकत नाही? पहिल्या प्रश्नाचे उत्तर तुमच्या विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकातच आहे. दुसऱ्याचे उत्तर देताना मात्र भल्याभल्यांची फसगत झालेली आहे.

तारेच्या वेटोळ्यातून जाणारे चुंबकीय क्षेत्र बदलत राहिले की वेटोळ्यात विद्युतधारा निर्माण होते, हे फॅरडेने १८३१ साली दाखवून दिले. दाराजवळच्या पेटीत असे एक वेटोळे असते आणि त्यातून १३.५६ मेगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला सुमारे १ कोटी ३५ लाख आवर्तनांची प्रत्यावर्ती धारा वाहत असते. कार्डाच्या आत, कडेकडेने, बारीक तारेचे मोजकेच वेढे असतात व त्यांची टोके मोहरीच्या दाण्याएवढ्या चिपला जोडलेली असतात. कार्ड पेटीजवळ नेले की वेढ्यांत धारा प्रवर्तित होते आणि तेवढ्या विजेवर चिप जागी होते. रोहित्राचे प्राथमिक वेटोळे भिंतीत आणि दुय्यम तुमच्या खिशात, असे समजा ना!

वेटोळ्याच्या आकाराच्या मानाने दूर गेले की हे क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटते. अंतर दुप्पट झाले की क्षेत्र एक-अष्टमांश उरते. म्हणून कार्ड वितीच्या आत आणावे लागते.

आता कार्ड उत्तर कसे देते ते पाहा. ते स्वतः लहरी प्रक्षेपित करीत बसत नाही. चिप आपल्या वेटोळ्यावर एक भार जोडते व काढते, जोडते व काढते. रोहित्राच्या दुय्यम बाजूवर भार वाढला की प्राथमिक बाजू जास्त धारा ओढते, हे तुम्हाला ठाऊक आहे. पेटी नेमका हा सूक्ष्म फरक ओळखते व त्यातून ० आणि १ वाचते. मोठी सुंदर युक्ती आहे ही. (घरात असे कार्ड असेल तर ते स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यात गुंडाळून पेटीजवळ धरा. दार उघडणार नाही. पत्र्यात भोवऱ्यासारखे फिरणारे प्रवाह निर्माण होतात. ते काय करत असतील? लेंझचा नियम आठवा.)

येथवर भौतिकशास्त्र झाले. आता कार्डाने नेमके सांगायचे काय? प्रत्येक कार्डाला एक क्रमांक देऊन तोच सांगायला लावला तर दाराआड लपलेला माणूस तो ऐकेल आणि उद्या स्वतःच म्हणून दाखवेल. म्हणून चांगल्या व्यवस्थेत गुपित कधीच बोलायचे नसते. रखवालदार दर वेळी नवी संख्या विचारतो आणि तुम्ही गुपित वापरून तिचे उत्तर देता. समजा, गुपित ३७ आहे आणि नियम असा की दिलेल्या संख्येला गुपिताने गुणून शेवटचे दोन अंक सांगायचे. रखवालदार म्हणाला ५८. गुणाकार २१४६, तुम्ही म्हणाल ४६. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला ९१. गुणाकार ३३६७, उत्तर ६७. कालचे उत्तर आज निरुपयोगी ठरले.

पण लपलेला माणूस नियम जाणत असेल तर? ५८ ला ४६ एवढ्यावरून गुपित ३७ किंवा ८७ असलेच पाहिजे, हे तो कागद-पेन्सिलीने काढील; दुसऱ्या दिवशी ८७ बाद होईल. (पहिल्याच दिवशी ९१ विचारले असते तर एकच फेरी पुरली असती. का, ते तुम्ही शोधा.) यावर उपाय दोन: नियम लपवून ठेवणे, किंवा नियम जगजाहीर असूनही उलट गणित करता येणार नाही इतका कठीण निवडणे. पहिला उपाय सोपा वाटतो, आणि घात तेथेच होतो.

ओग्युस्त केर्कहॉफ्स या जन्माने डच असलेल्या भाषातज्ज्ञाने १८८३ साली फ्रेंच लष्करी नियतकालिकात लिहिले होते की, सांकेतिक यंत्रणा शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये. गुप्त असावी ती केवळ किल्ली. सव्वाशे वर्षांनी याचा प्रत्यय आला तो त्याच्याच जन्मभूमीत.

१९९४ साली बाजारात आलेली ‘मायफेअर क्लासिक’ नावाची चिप जगभरच्या कोट्यवधी कार्डांत बसली. लंडनचे प्रवासी कार्ड, नेदरलँड्सचे नवे प्रवासी कार्ड, आणि तेथील कित्येक सरकारी इमारतींची दारे तिच्यावर अवलंबून होती. तिचा नियम कंपनीने गुप्त ठेवला होता. डिसेंबर २००७ मध्ये बर्लिनच्या एका परिषदेत कार्स्टेन नोल आणि हेन्रिक प्लॉट्झ यांनी सांगितले की, चिपचे थर एकामागून एक घासून काढून, सूक्ष्मदर्शकाखाली त्यांची छायाचित्रे घेऊन त्यांनी आतली जोडणी वाचली आहे. पुढच्या काही महिन्यांत नायमेखेन येथील राडबाउड विद्यापीठाच्या गटाने कार्ड व पेटी यांचे संभाषण ऐकून नियम उलगडला.

आत काय दिसले? किल्ली अवघी ४८ द्विमान अंकांची, म्हणजे सुमारे २.८ कोटी कोटी शक्यता. सेकंदाला एक कोटी किल्ल्या तपासणारे यंत्र अकरा महिन्यांत सगळ्या संपवील. अशी दहा यंत्रे असली तर महिनाभर पुरे. पण एवढाही वेळ लागत नाही, कारण दुसरा दोष अधिक वाईट होता. पेटी खोटी असू शकते म्हणून कार्डही तिला एक नवी संख्या देऊन प्रश्न विचारते. ही संख्या ६५,५३५ संख्यांच्या ठरलेल्या रांगेतून येते आणि ती रांग सुमारे ०.६ सेकंदात पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. कार्डात घट नाही. त्यामुळे चिप पेटीजवळ आल्यावरच जागी होते, आणि दर वेळी त्याच जागेपासून मोजू लागते. तितक्याच वेळाने विचारले की तीच ‘नवी’ संख्या!

कंपनीने विद्यापीठाचा शोधनिबंध रोखण्यासाठी दावा लावला. आर्नहेमच्या न्यायालयाने १८ जुलै २००८ रोजी तो फेटाळला. हानी होणार असेल तर ती चिपमधील दोषांमुळे, निबंधामुळे नव्हे, असा निकाल होता. निबंध त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये प्रसिद्ध झाला. हा वादही तसा जुनाच. १८५१ साली लंडनच्या प्रदर्शनाच्या वेळी हॉब्ज या अमेरिकन कारागिराने ब्रामाचे अजिंक्य समजले जाणारे कुलूप १६ दिवसांत मिळून ५१ तास खपून उघडले, तेव्हाही असल्या गोष्टी चारचौघांत बोलाव्यात का, यावर चर्चा झडली होती. चोरांना त्या आधीच ठाऊक असतात, असे हॉब्जचे म्हणणे. मला ते पटते.

दुसऱ्या उपायाचे उदाहरण म्हणजे ‘एईएस’ ही पद्धत. १९९७ साली अमेरिकेच्या मानक संस्थेने जगाला खुले आवाहन केले. आलेल्या पद्धती सर्वांसमोर मांडून तज्ज्ञांना त्या फोडायला सांगितल्या. टिकलेल्यांतून डॅमन व रायमन या बेल्जियन जोडीची पद्धत निवडून २००१ मध्ये मानक ठरली. तिचा नियम कोणीही वाचावा. किल्ली किमान १२८ द्विमान अंकांची. आपले तेच यंत्र वापरले तर १ वर २४ शून्ये इतकी वर्षे लागतील. विश्वाचे वय धरतात ते सुमारे १,३८० कोटी वर्षे.

संगणकातील नोंदी उघडतानाही हाच प्रश्नोत्तरांचा प्रकार चालतो. कोणाला कोठवर जाऊ द्यायचे याची यादी संगणकात असते. प्रयोगशाळेचे दार उघडणारे कार्ड नोंदींच्या खोलीचे दार उघडेलच असे नाही. पण ओळखच खोटी निघाली तर ती यादी काय कामाची?

नव्या कार्डांत आता एईएस असते. तरी जुन्या चिपची कार्डे अजून अनेक दारांशी चालू आहेत, कारण एक कार्ड बदलणे सोपे, सगळ्या पेट्या बदलणे खर्चाचे. आणि काही दारे तर कार्डाचा क्रमांक तेवढा वाचतात, प्रश्न विचारीतच नाहीत.