एप्रिलची फाइल

आर्थिक वर्ष संपले की मागील बारा महिन्यांच्या हिशेबाच्या फाइली एकत्र बांधून निराळ्या डिस्कवर ठेवून द्यावयाच्या, असा एका संस्थेचा शिरस्ता होता. आणि तेथील लिनक्सच्या यंत्रांची देखभाल माझ्याकडे असल्यामुळे या बांधणीत काय काय बिघडू शकते हे मला फार जवळून पाहावयास मिळाले. हिशेब सांभाळणारे गृहस्थ मोठे दक्ष होते. त्यांनी टर्मिनल उघडले, फाइली ज्या डिरेक्टरीत होत्या तिच्यात ते गेले, आणि कमांड दिली ती अशी: टार -सीझेडएफ *.सीएसव्ही. कमांड विनातक्रार पार पडली, पडद्यावर एक अक्षरही उमटले नाही, आणि ज्या प्रणालीत मौन हेच कार्यसिद्धीचे लक्षण समजले जाते तिच्या रिवाजाप्रमाणे त्यांनीही ते तसेच समजून यंत्र बंद केले. पुढे लेखापरीक्षकांनी पहिल्या महिन्याचा हिशेब मागितला तेव्हा एप्रिल.सीएसव्ही या फाइलीतून आकड्यांच्या ऐवजी अगम्य चिन्हांचा रगाडा बाहेर पडला.

'एफ' या अक्षराच्या लगेच पुढे जे नाव येईल ते तयार करावयाच्या संग्रहाचे, असा टारचा कायदा आहे. आणि तारकाचिन्हाचा विस्तार टार करीत नाही, शेल करते, तोही टारला पाचारण करण्यापूर्वीच आणि वर्णक्रमाने. इंग्रजी महिन्यांत वर्णक्रमाने एप्रिल पहिला. सबब टारच्या हाती जो हुकूम पडला त्याचा अर्थ, उरलेले अकरा महिने बांधावेत आणि त्या गाठोड्यास एप्रिल.सीएसव्ही हे नाव द्यावे, एवढाच होता. तो त्याने तंतोतंत बजावला आणि मूळच्या एप्रिलवर नवा संग्रह लिहून टाकला. पुढे बांधावयास एकही फाइल नसती तर ग्नू टारने रिकामा संग्रह करण्याचे साफ नाकारले असते, आणि त्या नकाराच्या मजकुरात ते स्वतःस भित्रे म्हणवून घेते. येथे अकरा फाइली हजर असल्याने त्यास भिण्याचे कारणच उरले नाही. 'फाइल' याच नावाची एक कमांड आहे, ती चालविताच एप्रिलच्या पोटात जीझिपचा ऐवज असल्याचे तिने क्षणार्धात सांगितले. अकरा महिने शाबूत होते. एप्रिल मात्र पावत्यांवरून पुन्हा भरावा लागला.

म्हणून माझे पहिले सांगणे असे की संग्रहाचे नाव आधी टंकित करावे, आणि तारकेला हात मग लावावा: टार -सीझेडएफ हिशेब.टार.जीझेड *.सीएसव्ही. अक्षरांमध्ये 'एफ' सदैव शेवटी ठेवावा. उताविळपणे -सीएफझेड असे लिहिल्यास 'झेड' हेच संग्रहाचे नाव समजले जाते, आणि त्या एकाक्षरी नावाची फाइल डिरेक्टरीत उगवते.

टार हे मुळात फितींसाठी घडविलेले साधन. १९७९च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत ते आले, आणि ५१२ बाइटांच्या ठोकळ्यांची त्याची मांडणी अद्याप चालू आहे. पेशवे दप्तरातील कागद जसे रुमालात बांधले जात, तशी टार फक्त बांधणी करते; आकुंचन हे निराळ्याचे काम. जाँ-लू गेली आणि मार्क ॲडलर यांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेला जीझिप ते करतो, आणि त्याच्या जन्माचे कारणही गमतीचे, कारण पूर्वीच्या 'कॉम्प्रेस'ची पद्धती पेटंटच्या कज्ज्यात सापडली होती. या विभागणीचा परिणाम व्यवहारात जाणवतो. जीझिप सबंध बासन एकाच प्रवाहात आकुंचित करतो, त्यामुळे मध्येच एखादा भाग खराब झाला तर त्याच्या पुढचे सारे बहुधा हातचे जाते. झिपमध्ये प्रत्येक फाइल स्वतंत्रपणे आकुंचित होते, त्यामुळे एकीचे नुकसान दुसरीस सहसा बाधत नाही. दीर्घकाळ जपावयाच्या दप्तराची एकच प्रत ठेवणे मला यासाठीच मान्य नाही.

परक्याकडून आलेले बासन सोडण्यापूर्वी -टीझेडएफ देऊन आतील यादी वाचावी. काही संग्रहांत वरची डिरेक्टरीच नसते, आणि ते उघडताच शेकडो फाइली आपल्या चालू कामात विखुरतात. त्यांतील एखादीचे नाव आपल्या फाइलीशी जुळले तर टार न विचारता तिच्यावर लिहिते. अनझिप निदान विचारतो, पण घाईत मोठ्या लिपीतला 'ए' दाबणाऱ्यास त्या विचारण्याचा काय उपयोग? रिकामी डिरेक्टरी करावी, आणि -सी हे मोठ्या लिपीतले अक्षर देऊन तिच्यातच बासन सोडावे. आकारावरही विश्वास नसावा: ४२.झिप नावाची एक कुप्रसिद्ध फाइल सुमारे ४२ किलोबाइटांची असून, तिच्यातील थरांवर थर उलगडत गेल्यास साडेचार पेटाबाइट होतात.

मूळ फाइली काढून टाकण्याची घाई तर सर्वांत घातक. जीझिप काम संपताच मूळ फाइल आपण होऊन काढतो. ती राहावी अशी इच्छा असल्यास -के द्यावे. जीझिप -टी ही तपासणी फाइलीच्या अखेरच्या ८ बाइटांतील तपासअंक व लांबी ताडून पाहते, पण तिने बासन अभंग असल्याचे कळते, बासनात योग्य तेच बांधले गेले की नाही हे कळत नाही. एप्रिलच्या नावाखालचे बासनही या परीक्षेत निर्दोष ठरलेच असते. खरी रुजुवात टार -डीझेडएफ करते: ती संग्रहातील प्रत्येक फाइल डिस्कवरील फाइलीशी ताडते आणि फरक आढळला तरच बोलते. मात्र ही रुजुवात मूळ फाइली जागेवर असतानाच होऊ शकते.

मराठी नावांच्या फाइलींना एक जास्तीचा धोका आहे. झिपच्या जुन्या प्रघातात नावे अमेरिकन संगणकांच्या ४३७ क्रमांकाच्या संकेतसारणीतली मानली जात, आणि यूटीएफ-८ची खूण विनिर्देशात २००६ साली आली. ती खूण जी साधने लिहीत वा वाचत नाहीत त्यांच्या हातून 'जमाखर्च' हे नाव रेषा आणि चौकोनांचे होऊन बाहेर पडते, आतला मजकूर शाबूत असला तरी. लिनक्समधून लिनक्सकडे पाठवावयाचे असल्यास मी टारच वापरतो, कारण ते नावाचे बाइट जसेच्या तसे नेते; अन्यत्र पाठविताना देवनागरी नावाची एकच फाइल आधी धाडून पलीकडून ती नीट उघडल्याचे कळवून घेतो, आणि मग बाकीचे दप्तर रवाना करतो.