एंजिनाचे हेड : ते केव्हा उघडावे, कसे उतरवावे व पुन्हा कसे बसवावे

ज्या घरी नांगरणी, मळणी व पाणीउपसा ही कामे यंत्रावर चालतात, त्या घरी ऐन हंगामात एंजिन बंद पडणे म्हणजे बैलजोडी बसण्यासारखेच आहे. जमिनीचा वाफसा कोणाची वाट पाहत नाही. अशा वेळी मिस्त्री मिळेना, म्हणून घरचीच चार माणसे पाने-हातोडे घेऊन एंजिनाभोवती जमतात आणि घाईने हेड खोलतात. त्यात कधी हेड वाकते, कधी ब्लॉकला चीर जाते, तर कधी एखाद्याचे बोट चिरडते. हेड काढणे हे बळाचे काम नसून क्रमाचे काम आहे, ही एक गोष्ट वाचकांच्या मनावर ठसावी, एवढ्याचसाठी आम्ही हा विषय येथे घेतला आहे.

पुढील विवेचनात आम्ही चार सिलिंडरांचे, पाण्याने थंड होणारे व अखंड ओतीव लोखंडी हेड असलेले ट्रॅक्टरचे डिझेल एंजिन डोळ्यांसमोर ठेवले आहे. विहिरीवरील एका सिलिंडरच्या एंजिनाचे हेड वजनाने हलके असते. परंतु नियम बहुतांशी तेच होत.

हेडवर येणारा भार

रुडॉल्फ डिझेल यांनी १८९७ साली यशस्वीपणे चालवून दाखविलेल्या या एंजिनात ठिणगीचे साधन नसते. सिलिंडरातील हवा मूळ आकारमानाच्या सुमारे सोळाव्या ते अठराव्या हिश्शात दाबली जाते, त्यामुळे ती अतिशय तापते आणि तीत उडविलेले तेल आपोआप पेट घेते. आता १०० मिलिमीटर व्यासाचे सिलिंडर घ्या. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ७८.५ चौरस सेंटीमीटर भरते. ज्वलनाचा दाब दर चौरस सेंटीमीटरास ८० किलो धरला, तर हेडला वर ढकलणारा जोर सहा टनांहून अधिक होतो. एंजिन मिनिटास २,००० फेरे घेत असता प्रत्येक सिलिंडरात हा धक्का मिनिटास १,००० वेळा बसतो. हा सर्व भार हेडचे नट आणि मधले पातळ गॅस्केट यांनी सोसावयाचा असतो. एक नट ढिला व दुसरा अति घट्ट, असे झाले की गॅस्केट तेथेच फुटते. नट आवळण्याच्या क्रमाला इतके महत्त्व का, ते यावरून ध्यानात यावे.

हेड उघडण्यापूर्वी

एंजिनाची ताकद कमी झाली एवढ्यावरून हेडला हात लावू नये. प्रथम हवेची गाळणी, डिझेलची गाळणी, नळ्यांत शिरलेली हवा व इंजेक्टर ही तपासावी. पुष्कळदा दोष तेथेच सापडतो. एंजिन चालू असता रेडिएटरच्या पाण्यात सतत बुडबुडे येणे, बाहेर गळती नसता पाणी कमी होणे, एंजिनातील तेल ताकासारखे पांढुरके होणे, एंजिन तापल्यावरही पांढरा धूर निघत राहणे, किंवा शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांचा दाब एकदम उतरणे, ही गॅस्केट गेल्याची अथवा हेडला चीर पडल्याची लक्षणे होत.

गॅस्केट सहसा आपण होऊन जात नाही. रेडिएटरच्या जाळीत भुसकट बसले, पंख्याचा पट्टा सैल झाला किंवा पाणी आटले, म्हणजे एंजिन तापते आणि मग गॅस्केट जाते. मूळ कारण तसेच ठेवून नवे गॅस्केट घातले, तर तेही त्याच वाटेने जाणार.

तयारी

एंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. शक्य तर रात्रभर उभे ठेवून सकाळी कामास लागावे. गरम हेडचे नट सोडले तर ते वाकण्याचा संभव असतो. आणि गरम रेडिएटरचे झाकण उघडल्यास उकळते पाणी अंगावर उडते. ट्रॅक्टर सपाट व टणक जागी उभा करून चाकांना उटी लावावी. बॅटरीची ऋण तार आधी सोडावी. रेडिएटर व ब्लॉक या दोहोंतील पाणी काढून घ्यावे. त्यात गोठणरोधक रसायन असल्यास ते चरात किंवा अंगणात सोडू नये. ते चवीला गोड असते, परंतु गुरांना व कुत्र्यांना विषासारखे बाधते. भांड्यात धरून झाकून ठेवावे.

चार सिलिंडरांच्या लोखंडी हेडचे वजन ५० किलोंच्या घरात किंवा त्याहूनही अधिक असू शकते. वाकलेल्या कमरेने ट्रॅक्टरवरून ते उचलणे हे कितीही बळकट माणसाचे काम नव्हे. साखळीची कप्पी, जिला चेनब्लॉक म्हणतात, ती आणि तीन पायांची लोखंडी घोडी ही साधने आधी जमवावी. कप्पीवर ती किती वजन पेलते याचा आकडा कोरलेला असतो, तो वाचावा. गोठ्याचे आढे, बाभळीची फांदी किंवा मोटेचा जुना नाडा या कामी मुळीच नको.

हेड उतरविणे

हवेचा व धुराचा नळ, पाण्याचे होज आणि डिझेलच्या नळ्या सोडाव्या. नळ्यांची उघडी तोंडे ताबडतोब स्वच्छ टोपणांनी बंद करावी. धुळीचा कण इंजेक्टरास मारक असतो. इंजेक्टर आधीच काढून ठेवावे, कारण पुष्कळ एंजिनांत त्यांची टोके हेडच्या खाली डोकावतात व हेड खाली ठेवताच मोडतात. त्यांच्या बुडाशी असलेले तांब्याचे वायसर मोजून घ्यावे. मग रॉकरचा दांडा काढून पुशरॉड एकेक उचलावे आणि पुठ्ठ्याला आठ भोके पाडून, अंक घालून, त्यात क्रमाने खोचून ठेवावे. जो पुशरॉड जेथला, तो तेथेच परत जावयास हवा.

हेडचे नट दोन्ही टोकांकडून मध्याकडे येत सोडावे. पहिल्या फेरीत प्रत्येक नट पाव फेरा, दुसरीत आणखी थोडा, याप्रमाणे ताण हळूहळू उतरवावा. सर्व नट निघाले तरी हेड चिकटून राहते. तेव्हा बाजूने लाकडी हातोड्याने हलके ठोके द्यावे. दोन पृष्ठांच्या मध्ये पटाशी किंवा पहार घालू नये. तिने पडलेला ओरखडा पुढे वायू व पाणी यांची वाट होतो. हेड मोकळे करण्यासाठी स्टार्टर मारण्याची युक्तीही धोक्याची आहे, ती करू नये.

कप्पीचा आकडा कारखानदाराने ठरविलेल्या उचलण्याच्या कड्यांतच अडकवावा. प्रथम हेड दोन-तीन सेंटीमीटर उचलून थांबावे. ते समतोल आहे का, एखादी नळी अडकली आहे का, हे पाहावे. नंतर सरळ वर न्यावे. हात बाजूंना असावे, खाली कधीही नसावे. कप्पीवर एक माणूस व हेडला आवरणारा एक, असे दोघेच पुरेत. सूचना एकानेच द्याव्या. मुलांना दूर ठेवावे. खाली दोन लाकडी ठोकळे मांडून त्यांवर हेड टेकवावे.

हेड निघाल्यावर क्रँक फिरविण्याचा मोह आवरावा. ज्या एंजिनात लायनर पाण्याला लागून असतात, तेथे ते वर सरकतात व खालची रबरी कडी सुटून पाणी तेलात उतरते. फिरविणे अटळच असेल तर लायनर पट्ट्यांनी दाबून धरावे.

तपासणी

सिलिंडरांत व तेल-पाण्याच्या भोकांत स्वच्छ चिंध्या कोंबून मगच काजळी खरवडावी. जुन्या गॅस्केटांत अॅस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो आणि त्याची धूळ फुफ्फुसांस अपायकारक आहे. सबब ते कोरडे घासू नये, ओले करून काढावे.

पोलादी सरळ पट्टी हेडच्या पृष्ठावर लांबीत, रुंदीत व दोन्ही कर्णांत धरून तिच्याखाली फिलर गेजची पात घालून पाहावी. एंजिनाच्या पुस्तकात दिलेल्या मर्यादेपेक्षा जाड पात आत शिरली, तर हेड वाकले असे समजावे. ते यंत्रशाळेत घासून सपाट करता येते; परंतु किती घासावे यालाही मर्यादा आहे. अधिक घासल्यास व्हॉल्व्ह पिस्टनला लागतात. दोन व्हॉल्व्हांमधील अरुंद जागेत चीर पडण्याचा संभव अधिक, म्हणून तेथे विशेष लक्ष द्यावे. लायनरची कड ब्लॉकच्या वर पुस्तकात सांगितली असेल तितकीच आली आहे का, तेही मोजावे.

ब्लॉकमधील बोल्टांची भोके कोरडी करणे फार जरूरीचे आहे. त्यांत पाणी अथवा तेल साचले असता बोल्ट आवळला, तर अडकलेल्या द्रवाचा दाब ब्लॉकला चीर पाडू शकतो. काम पंधरा मिनिटांचे, परंतु चुकल्यास नुकसान संपूर्ण ब्लॉकचे.

हेड बसविणे

गॅस्केट नेहमी नवे असावे. त्यावर वरची बाजू दाखविणारी खूण असल्यास ती पाहावी आणि तेल-पाण्याची भोके जुळतात याची खात्री करावी. बोल्टांचे एंजिन असेल तर दोन लांब मार्गदर्शक दांडे तात्पुरते बसवून हेड त्यांवरून सावकाश उतरवावे, म्हणजे गॅस्केट सरकत नाही आणि बोटेही वाचतात.

नट मध्यापासून सुरू करून दोन्ही टोकांकडे आवळीत जावे. ताडपत्री मधून कडांकडे ताणली म्हणजे सुरकुती राहत नाही, तसेच हे आहे. पहिल्या फेरीत ठरलेल्या ताणाचा एक तृतीयांश, दुसरीत दोन तृतीयांश व तिसरीत पूर्ण ताण द्यावा. ताण मोजण्यास टॉर्क पाना लागतो. उदाहरणार्थ, पुस्तकात १२ किलोग्रॅम-मीटर लिहिले असेल, तर ६० सेंटीमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाशी २० किलोंची ओढ असा त्याचा अर्थ. पान्याला नळी जोडून अंदाजाने ओढणाऱ्याच्या हाती केवढा ताण जातो, ते यावरून कळेल. काही नव्या एंजिनांचे बोल्ट ताण घेऊन लांबतात. ते दुसऱ्यांदा वापरीत नाहीत व ठरलेल्या अंशांत फिरवून आवळतात. याबाबत पुस्तकाचा शब्द अखेरचा मानावा.

त्यानंतर पुशरॉड, रॉकर व इंजेक्टर बसवून टॅपेटचे अंतर पुस्तकाप्रमाणे ठेवावे. आता एंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवावे. कोठेही अडल्यासारखे वाटले तर जोर न करता कारण शोधावे.

चालू करताना

पाणी भरून व डिझेलच्या नळ्यांतील हवा काढून एंजिन मंद गतीने चालू करावे. गळती पाहण्यासाठी इंजेक्टरच्या नळीसमोर हात धरू नये. त्या दाबाचा बारीक फवारा कातडी भेदून आत जातो. जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसली, तरी त्याच घटकेस रुग्णालय गाठावे. उशीर झाल्यास हात गमवावा लागतो. एंजिन तापल्यावर बुडबुडे, गळती व धूर यांकडे पाहावे. काही तास चालविल्यानंतर नट पुन्हा आवळावयाचे की नाही, हे एंजिनाच्या जातीवर अवलंबून असते. पुस्तकात सांगितले असेल तरच, त्याच क्रमाने आवळावे.

उपसंहार

चेनब्लॉक, टॉर्क पाना, सरळ पट्टी व फिलर गेज ही चार साधने प्रत्येक शेतकऱ्याने विकत घेणे परवडणारे नाही, आणि त्याची गरजही नाही. वर्षातून क्वचित लागणाऱ्या या वस्तू गावच्या सोसायटीने एकदा घेऊन सभासदांस आळीपाळीने द्याव्या, अशी आमची सूचना आहे. एका वाकलेल्या हेडच्या दुरुस्तीस व बुडालेल्या पेरणीस जे लागते, त्याच्याशी हा खर्च ताडून पाहावा. ज्यांच्याजवळ ही साधने नाहीत व मिळण्यासारखीही नाहीत, त्यांनी हेडला हात न लावता जाणत्या मिस्त्रीची वाट पाहावी, हेच शहाणपणाचे. दोन दिवसांचा खोळंबा भरून काढता येतो. तुटलेले बोट मात्र परत येत नाही.