एका घरात दोन राउटर

आमचं सांगलीचं घर दुमजली. खाली आई, दादा आणि वहिनी, वर आम्ही, गच्चीवरच्या खोलीत कॉलेजात शिकणारा भाडेकरू. फायबरचं कनेक्शन एकच, खालच्या हॉलमध्ये. स्लॅबमुळे वर रेंज जेमतेम मिळायची, म्हणून पाइपातून केबल वर घेऊन दुसरा राउटर लावून घेतला. वायरमननं केबल वरच्या राउटरच्या लॅन पोर्टमध्ये खोचली, फोनवर नेट चालू झालेलं दाखवलं आणि तो गेला.

काही दिवस सगळं सुरळीत होतं. मग एका संध्याकाळी लाईट गेली, आली आणि अर्ध्या घराचं नेट बंद पडलं. टीव्ही चालायचा, पण वहिनींच्या फोनवर रेंज पूर्ण आणि त्याखाली ‘इंटरनेट नाही’. फोन बंद करून चालू केला की कधी लागायचं, कधी नाही. कंपनीचा माणूस तपासून गेला, लाइन चांगली होती. वहिनी घरून शिकवण्या घेतात. मुलं तिकडे ताटकळत बसलेली आणि इकडे काय बिघडलंय तेच कळत नाही, हे फार त्रासदायक होतं.

उलगडा झाला तो दोन फोन शेजारी ठेवल्यावर. वाय-फायच्या सेटिंगमध्ये जोडलेल्या नेटवर्कचा तपशील उघडला की ‘गेटवे’ अशी एक ओळ दिसते. माझ्या फोनवर तिथे १९२.१६८.१.१ होतं, वहिनींच्या फोनवर १९२.१६८.०.१. पहिला आकडा खालच्या फायबरच्या डब्याचा, म्हणजे मुख्य राउटरचा, दुसरा वरच्या राउटरचा.

घरातल्या प्रत्येक उपकरणाला पत्ता राउटर देतो. या सोयीला डीएचसीपी म्हणतात. आमच्याकडे दोन्ही राउटर एकाच नेटवर्कवर पत्ते वाटत होते, आणि ज्याचं उत्तर आधी येईल त्याचा पत्ता फोन घेत होता. लाईट आल्यावर छोटा राउटर पटकन चालू होतो, फायबरच्या डब्याला वेळ लागतो. तेवढ्यात वरचा राउटर फोनना सांगून मोकळा, की बाहेर जायचं दार मीच. त्या दारापलीकडे इंटरनेट नव्हतंच.

म्हणून केबल जोडण्याआधी, फक्त लॅपटॉप लावून दुसऱ्या राउटरचं सेटिंगचं पान उघडा आणि ‘अ‍ॅक्सेस पॉइंट मोड’ असेल तर तो निवडा. बहुतेक काम तिथेच संपतं. तो नसेल तर राउटरचा पत्ता बदलून १९२.१६८.१.२ सारखा करा, म्हणजे मुख्य राउटरच्याच रांगेतला, पण तो इतरांना वाटतो त्या पत्त्यांबाहेरचा. मग डीएचसीपी बंद करा आणि केबल लॅन पोर्टमध्ये लावा, वॅन, म्हणजे बाहेरून इंटरनेट आत घेणारा पोर्ट, मोकळा ठेवा. नवा पत्ता राउटरच्या पाठीवर चिकटपट्टीवर लिहाच, नाहीतर पुढच्या वेळी ते पान सापडत नाही. दोन राउटरमध्ये केबलही एकच हवी. जास्तीची म्हणून दुसरी लावली तर डेटा गोल गोल फिरत राहून सगळंच नेटवर्क ठप्प होऊ शकतं. २.४ गिगाहर्ट्झवर एकाला चॅनल १ आणि दुसऱ्याला ६ किंवा ११ दिलं की दोघं एकमेकांच्या आड येत नाहीत.

पुष्कळजण केबल वॅन पोर्टमध्ये लावतात. दोन्ही राउटरचे पत्ते वेगळ्या रांगेतले असतील तर नेट चालतं, पण वरच्या मजल्याचं वेगळं नेटवर्क तयार होतं. मग खालचा प्रिंटर वरच्या लॅपटॉपला आपोआप सापडत नाही आणि फोनवरचा व्हिडिओ खालच्या टीव्हीवर टाकता येत नाही.

भाडेकरूला वेगळं ठेवायला हीच युक्ती सांगतात. मला ती पटत नाही. मागच्या राउटरवरचा माणूस पुढच्या नेटवर्कमधल्या प्रिंटरपर्यंत, कॅमेऱ्यापर्यंत पोचू शकतो. त्याचं नेटवर्क मात्र घरच्यांपासून झाकलेलं राहतं, म्हणजे नेमकं उलटं होतं. त्यापेक्षा मुख्य राउटरवर ‘गेस्ट नेटवर्क’ सुरू करून त्याचाच पासवर्ड त्याला द्यावा आणि गेस्टला घरातली बाकी उपकरणं दिसणार नाहीत अशी खूण सेटिंगमध्ये आहे ना, हे पाहावं. गच्चीपर्यंत त्याची रेंज पोचत नसेल तर खालच्या डब्यापासून वेगळी केबल ओढण्यापेक्षा गेस्ट नेटवर्क वरच्या मजल्यापर्यंत पोचवणारा मेश संच घ्यावा. आम्ही शेवटी तोच घेतला.