सर्पविष शरीरात काय करते?



माल्टा बेटावर पौलाच्या हाताला साप डसला, तेव्हा तो सुजेल किंवा एकाएकी मरून पडेल म्हणून लोक वाट पाहत राहिले (प्रेषितांची कृत्ये, अध्याय 28). लूक वैद्य होता. सुजेची नोंद त्याने घेतली, हे विशेष. घोणस किंवा फुरसे चावल्यावरही आधी सूजच दिसते.

ती येते कशी? विष हे मुख्यतः प्रथिनांचे मिश्रण आहे आणि त्यातली बरीच प्रथिने विकरे, म्हणजे एन्झाइम असतात. भाकरी बराच वेळ चावली की गोड लागते, ते लाळेतल्या विकराचे काम. विषातली विकरेही असेच तोडण्याचे काम करतात, फक्त तोडतात आपल्या पेशी. फॉस्फोलायपेज हे विकर पेशीच्या आवरणातील स्निग्ध रेणूचा एक ठरावीक बंध पाण्याच्या साहाय्याने तोडते. उरलेला तुकडा साबणासारखा वागतो आणि आवरणाला भोके पाडतो. दुसऱ्या प्रकारच्या विकराच्या गाभ्यात जस्ताचा अणू असतो. ते बारीक रक्तवाहिन्यांचे अस्तर कापते, म्हणून रक्त आत झिरपते.

घोणशीचे विष याहून फसवे आहे. रक्त गोठवणारा दहावा घटक एरवी निष्क्रिय असतो. हे विष त्याला एका जागी कापून जागे करते. शरीरभर सूक्ष्म गुठळ्या होऊ लागतात, त्यात फायब्रिनोजेन संपते आणि मग रक्त गोठतच नाही. म्हणूनच डॉक्टर काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत रक्त घेऊन 20 मिनिटे थांबतात.

मुख्य गोष्ट अशी, की काम करताना विकर खर्ची पडत नाही. एकच रेणू पुन्हा पुन्हा कापत राहतो. दोरी आवळली तर तो एकाच जागी साठून हातपाय सडवतो; ब्लेडने चिरले तर रक्त थांबत नाही. त्याला रोखतात ती प्रतिपिंडे. घोड्यांना थोडे थोडे विष टोचून ती मिळवतात. मुंबईच्या हाफकिन संस्थेत हे काम वर्षानुवर्षे होत आले आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर एकच लस चालते. मात्र जे कापले गेले ते लस सांधत नाही. गोठवणारे घटक यकृताला नव्याने बनवावे लागतात आणि त्याला काही तास जातात.

म्हणून भगताकडे गेलेला तास वाया जातो. आणि स्पष्टच सांगते, रुग्णाला आधी प्रार्थनेसाठी मंदिरात नेले तर तोही तास वायाच जातो. प्रार्थना गाडीत बसून करावी, चावलेला हात किंवा पाय न हलवता.

माल्टाच्या लोकांसारखी सुजेची वाट मात्र पाहू नका. मण्यारच्या विषातले फॉस्फोलायपेज मज्जातंतूंच्या टोकांवर घाव घालते. सूज नाही, वेदना जेमतेम. रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाचे पहाटे पोट दुखते, पापण्या मिटू लागतात, मग श्वास अडतो. तिथे लसीबरोबर कृत्रिम श्वासही लागतो. पाड्यावर भेट द्यायचीच असेल तर गादीखाली नीट खोचता येईल अशी मच्छरदाणी द्या.