रिकामी म्हटलेली जमीन



नाबोथाची गोष्ट (१ राजे २१) आपण सर्वांनी ऐकली आहे. अहाब राजाने त्याच्या द्राक्षमळ्याच्या बदल्यात अधिक चांगला मळा किंवा रोख पैसे देऊ केले. नाबोथ नाही म्हणाला, कारण मळा वाडवडिलांचा होता. शेवटी खोटे साक्षीदार उभे करून त्याचा जीव घेण्यात आला. आज अशीच एक गोष्ट पाहू. फरक एवढाच, की इथे खोटी साक्ष कायद्यानेच दिली होती.

ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला टॉरेस सामुद्रधुनीत मेर नावाचे लहान बेट आहे. तिथले एडी माबो टाऊन्सव्हिलच्या विद्यापीठात माळीकाम करीत. एकदा बोलता बोलता तिथल्या इतिहासाच्या अभ्यासकांकडून त्यांना कळले, की बेटावरची त्यांची वाडी कायद्याने सरकारची आहे. त्यांचा विश्वासच बसेना. मेरवर प्रत्येक कुटुंबाच्या वाडीची हद्द पिढ्यान्पिढ्या ठरलेली होती. दुसऱ्याच्या जमिनीला हात लावू नये, हा तिथल्या मालो दैवताचा नियम होता. नव्हता तो फक्त सरकारी कागद.

१९८२ साली माबो व त्यांचे चार सोबती न्यायालयात गेले. २१ जानेवारी १९९२ रोजी माबो वारले. निकाल लागला ३ जून १९९२ रोजी. सातपैकी सहा न्यायाधीशांनी मेरच्या लोकांचा हक्क मान्य केला. इंग्रज आले तेव्हा ही भूमी कोणाचीच नव्हती, ही जुनी समजूत मोडीत निघाली.

चूक कुठे होती? ‘आमच्या दप्तरात नोंद नाही’ यावरून ‘मालक नाही’ असा निष्कर्ष काढला गेला. हा तर्कदोष आहे. फ्रान्सिस्को द व्हिटोरिया या डोमिनिकन धर्मगुरूंनी १५३९ मध्येच सालामांका येथे तो दाखवून दिला होता. अमेरिकेचे मूळ रहिवासी आपल्या भूमीचे खरे मालक आहेत. त्यांनी आपल्याला शोधून काढले असते तर स्पेन त्यांचा झाला असता का, असा त्यांचा युक्तिवाद होता.

इथे ख्रिस्तसभेनेही आपली छाती पिटली पाहिजे. पोप निकोलस पाचवे (१४५५) व पोप अलेक्झांडर सहावे (१४९३) यांच्या पत्रांचा आधार घेऊन पोर्तुगाल व स्पेनच्या राजांनी परक्या भूमीवर हक्क सांगितला. आपली वसईही १५३४ ते १७३९ पोर्तुगिजांकडे होती. मूळ रहिवाशांचे स्वातंत्र्य व मालमत्ता हिरावून घेऊ नये, असे पोप पॉल तिसरे यांनी १५३७ साली बजावले, पण राज्यकर्त्यांनी ते फारसे मनावर घेतले नाही. अखेर ३० मार्च २०२३ रोजी व्हॅटिकनने ‘शोधाचा सिद्धांत’ स्पष्ट शब्दांत नाकारला. मूळ रहिवाशांची समान प्रतिष्ठा त्या जुन्या पत्रांत पुरेशी उमटली नाही, हेही मान्य केले.

आता आपल्या अंगणात येऊ. २००६ चा वनहक्क कायदा आदिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाल्याचे स्वतः कबूल करतो. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासी कुटुंबाला, प्रत्यक्ष कसत असेल तेवढ्या जमिनीचा, चार हेक्टरपर्यंत हक्क मिळतो. दाव्याची सुरुवात ग्रामसभेत होते. वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब, जुनी विहीर, दफनभूमी हेही पुरावे धरले जातात. माबोंनी ज्यासाठी दहा वर्षे झुंज दिली, तेच तत्त्व इथे आहे: कागद नसला तरी आठवण साक्ष देते.

आदिवासीची जमीन बिगरआदिवासीने परवानगीशिवाय घेऊ नये, असाही कायदा आहे. तरी कुणाला तरी पुढे करून जमीन ‘स्वस्तात’ मिळवण्याच्या गोष्टी कानावर येतात. आपल्या मळ्यात राबणाऱ्या वारली, कातकरी बांधवाला आपण ‘अतिक्रमण करणारा’ म्हणतो, तेव्हा तो तिथे कधीपासून आहे, हे कधी विचारतो का? अहाबाने स्वतः दगड उचलला नव्हता. त्याने फक्त मळा ताब्यात घेतला. तरीही एलिया संदेष्टा त्याच्याच दारी आला.

चिंतनासाठी :
१) माझ्या जमिनीवर माझ्याआधी कोण कसत होते?
२) शेजारच्या पाड्यावरील कुणाचा वनहक्क दावा अडकला असेल, तर अर्ज लिहायला, कचेरीत सोबत जायला आपल्या समूहातून कोण तयार आहे?

ख्रिस्तात आपला,
प्रमुख धर्मगुरू