स्पॅनिश ग्राहकाशी बोलताना : मराठी माणसाला सोपं काय, आणि पैसे कुठे बुडतात

मागच्या व्हिडिओत आपण परदेशी ग्राहकाला पहिला मेल कसा लिहायचा ते बघितलं. त्यानंतर एकच प्रश्न बऱ्याच जणांनी विचारला : "सर, इंग्रजीच नीट येत नाही, त्यात स्पॅनिश कुठं शिकायची?" म्हणून आजचा धडा. स्पॅनिश 20 देशांची राजभाषा आहे. स्पेन, मेक्सिको, कोलंबिया, पेरू, चिली, अर्जेंटिना, सगळीकडे चालते. आणि गंमत अशी, की काही बाबतींत इंग्रजीपेक्षा ती आपल्याला जवळची आहे.

उच्चारापासून सुरू करू. स्पॅनिशमधले त आणि द आपल्यासारखेच दातांना जीभ लावून येतात, ट-ड नाहीत. 'ह' लिहितात पण बोलत नाहीत, म्हणून नमस्कार म्हणजे 'ओला'. आभाराला लॅटिन अमेरिकेत 'ग्रासिआस', स्पेनच्या बहुतेक भागात 'ग्राथिआस'.

आता वही काढा. धंद्याचे शब्द : किंमत म्हणजे एल प्रेसिओ, ऑर्डर एल पेदीदो, नमुना ला मुएस्त्रा, बिल ला फाक्तुरा, आगाऊ रक्कम एल आन्तिसीपो, वाहतुकीचं भाडं एल फ्लेते. पैसे देणे म्हणजे 'पागार'. आपला 'पगार' पोर्तुगीजांकडून आला आणि पोर्तुगीज ही स्पॅनिशची सख्खी बहीण, त्यामुळे हा शब्द विसरणं अवघड. पण प्रत्येक वेळी असं जमत नाही हं! 'काजू'सुद्धा पोर्तुगीजांनीच दिला, पण स्पेनमध्ये काजूला 'आनाकार्दो' म्हणतात आणि मेक्सिकोत 'नुएस दे ला इंदिया'. कोकणातला काजू विकायचा असेल तर देश बघून लेबल लिहा.

'एल' आणि 'ला' हे लिंगाप्रमाणे बदलतात. इंग्रजीवाले इथे रडतात. आपण लहानपणापासून तो-ती-ते करत आलोय आणि इथे तर दोनच लिंगं आहेत. 'ओ'ने संपणारा शब्द बहुधा पुल्लिंगी, 'आ'ने संपणारा स्त्रीलिंगी. अपवाद पाठच करा : 'एल दीआ' (दिवस), 'एल प्रोब्लेमा', 'ला मानो' (हात).

आता माझं आवडतं व्याकरण. "मला नमुना आवडतो" हे स्पॅनिशमध्ये "मे गुस्ता ला मुएस्त्रा". 'मे' म्हणजे मला! नमुने अनेक असतील तर "मे गुस्तान लास मुएस्त्रास", म्हणजे आवडतो-आवडतात होतं तसंच. इंग्रजीतून शिकणारा इथे महिनाभर अडकतो, तुम्ही मराठीतून विचार करा, वाक्य आपोआप बसेल.

अवघड काय, तर आपल्या एका 'आहे'ला तिकडे दोन क्रियापदं आहेत. 'एस' कायमच्या गुणाला, 'एस्ता' आत्ताच्या स्थितीला. आंब्याबद्दल "एस वेर्दे" म्हटलं तर तो हिरव्या रंगाचा, "एस्ता वेर्दे" म्हटलं तर कच्चा. ग्राहकाने तक्रारीत 'एस्ता वेर्दे' लिहिलं असेल तर तो रंगाचं कौतुक करत नाहीये!

आदरार्थी बोलणंही आहे. 'तू' म्हणजे तूच, आणि 'उस्तेद' म्हणजे आपण. अनोळखी ग्राहकाला उस्तेद. स्पेनमधली माणसं लवकर 'तू'वर येतात. समोरचा आला की मगच तुम्ही या.

आता जिथे माझा खिसा कापला गेला ती गोष्ट. काही वर्षांपूर्वी स्पेनमधल्या एका खरेदीदाराने हळदीसाठी (तिकडे 'कुर्कुमा') मेल केला. प्रमाण लिहिलं होतं 1.250 किलो. मी वाचलं सव्वा किलो. म्हटलं, नमुना मागतोय. खुशीत उत्तर दिलं, "सव्वा किलो आजच कुरिअर करतो, फुकट!" त्याला हवा होता साडेबाराशे किलोचा भाव. स्पेनमध्ये हजाराला टिंब आणि दशांशाला स्वल्पविराम वापरतात, आपल्या बरोबर उलट. त्याने पुन्हा उत्तर दिलं नाही. त्याच्या नजरेत मी आकडा न वाचता येणारा व्यापारी ठरलो. मेक्सिकोत मात्र पद्धत आपल्यासारखी, दशांशाला टिंब. म्हणून आता मी प्रत्येक कोटेशनमध्ये आकडा अक्षरांतही लिहितो. तुम्हीही लिहाच.

वेळेबद्दल बोलताना मात्र आपण घरातच असतो. 'ओचो दीआस', म्हणजे शब्दशः आठ दिवस, याचा अर्थ एक आठवडा. 'किन्से दीआस', पंधरा दिवस, म्हणजे दोन आठवडे. अगदी आपल्या "आठ-पंधरा दिवसांत देतो"सारखं. तरी करारात तारीखच टाका. आणि मेक्सिकोचा माणूस "आओरीता" म्हणाला तर सावध : आत्ता, थोड्या वेळाने, किंवा कधीच नाही, तिन्ही अर्थ निघतात. आपलं "आलोच पाच मिनिटांत" आठवा.

दोन-चार वाक्प्रचार घ्या, मीटिंगमध्ये कळले तरी पुष्कळ. एखादी वस्तू "चेहऱ्यावरचा एक डोळा" इतक्या किमतीची आहे असं ते म्हणतात : "कुएस्ता उन ओखो दे ला कारा". भाव ऐकून आपले डोळे पांढरे होतात, त्यांचा एक जातोच. "सशाऐवजी मांजर देणं" म्हणजे नमुना एक दाखवून माल दुसरा पाठवणं : "दार गातो पोर लिएब्रे". हे तुमच्याबद्दल कोणी म्हणालं, तर तातडीने फोन करा, मेल नको. "जिभेवर केस नसलेला" म्हणजे स्पष्टवक्ता. आपल्या "जिभेला हाड नाही"शी गल्लत करू नका, त्यांच्याकडे हे बऱ्याचदा कौतुकानेच म्हणतात. आणि 'गांगा' म्हणजे स्वस्तात मिळालेला माल. नदीशी संबंध नाही.

ज्यांना नीट परीक्षा देऊन शिकायचंय, त्यांच्यासाठी 'देले' ही परीक्षा आहे, पहिली पायरी ए-1. नवी दिल्लीत इन्स्टितूतो सेर्वान्तेसचं केंद्र आहे.

या आठवड्याचा गृहपाठ : तुमच्या मालाचं स्पॅनिश नाव शोधा, ते एल की ला ते लिहा, आणि हे वाक्य दहा वेळा मोठ्याने म्हणा : "बुएनोस दीआस. ले एन्वीओ ला मुएस्त्रा इ एल प्रेसिओ." म्हणजे, शुभ सकाळ, आपल्याला नमुना आणि किंमत पाठवतोय. पुढच्या व्हिडिओत पैसे थकले की गोड शब्दांत कसे मागायचे ते बघू.