सूचनापेटीची किल्ली

पारनाका, कल्याण

चि. बाळास,

अंबरनाथच्या कारखान्यात ६० माणसांचे खाते तुझ्या हवाली झाले हे वाचून संतोष वाटला. परंतु ‘कामगारांचे कामात मन रमत नाही, उपाय सुचवा’ या वरिष्ठांच्या हुकुमावर स्नेहसंमेलन, भेटवस्तू आणि भिंतीवरची सुभाषिते अशी जी यादी तू सिद्ध केली आहेस, ती पाहून मला एका सूचनापेटीची आठवण झाली.

मी ज्या कारखान्यात उमेदीची वर्षे घालविली, तेथे मोठ्या समारंभाने फाटकाशी एक लाल पेटी टांगण्यात आली. आमच्या खात्यातील एका अबोल फिटरने, यंत्राखाली ठिबकणारे तेल झेलण्यास पत्र्याचे पन्हळ कसे बसवावे, याची सुबक आकृती काढून तीत टाकली. महिनाभर तो विचारीत राहिला आणि किल्ली कोणाजवळ आहे हे दफ्तरात कोणासच सांगता येईना. वर्षभराने कुलूप फोडले, तेव्हा त्या आकृतीवर विड्यांची थोटके साचली होती. तो इसम पुढेही चोख काम करी, पण सांगितले तेवढेच. किल्ली मीही शोधली नव्हती.

१९१० साली औंध संस्थानातील निवडुंगाने भरलेल्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना वसविला, तेव्हा तुरुंगवास भोगून आलेल्या माणसांवर त्यांनी रात्रीच्या पहाऱ्याची जबाबदारी टाकली. ज्याच्यापासून जग आपले सामान लपवी, त्याच्याच हाती सामान सोपविणे यात जो मान आहे, तो कोणत्या भेटवस्तूत येणार? शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ पासून दिव्यांच्या उजेडाचे प्रयोग झाले. उजेड वाढविला तरी काम वाढले आणि घटविला तरी फारसे घटले नाही. त्या निष्कर्षांबद्दल विद्वानांत पुढे पुष्कळ वाद झाले, ते असोत. पुढे तेथे २०,००० हून अधिक कामगारांस समोर बसवून त्यांचे म्हणणे ऐकण्यात आले, हे मला अधिक मोलाचे वाटते.

तू मात्र हजेरीपटापासून आरंभ कर. कसाऱ्याकडून येणाऱ्या तुझ्या एखाद्या माणसाला कल्याणास गाडी बदलावी लागते. त्याची लोकल पाच मिनिटे रखडली की कर्जतकडची निघून जाते आणि पाच मिनिटांचा अर्धा तास होतो. पहाटे घर सोडलेल्या त्या माणसाच्या नावापुढे तांबडी खूण करून अर्धा रोज कापणे हा शिरस्ता असेल, तर पाळी थोडी पुढेमागे करता येईल का, हे त्यालाच विचार. जमण्याजोगे असेल तर आठवड्याच्या आत कर. नसेल तर का जमत नाही, ते त्याच्या यंत्रापाशी जाऊन स्वतः सांग. नकाराने माणूस तितका खचत नाही, जितका तो वाट पाहून खचतो. पगाराची तक्रार निघाली तर तिच्यावर मात्र गोड बोलण्याचा लेप देऊ नकोस. ती वरिष्ठांकडे जशीच्या तशी लेखी पाठव.

काकूने तुझ्यासाठी मेतकूट केले आहे, रविवारी घेऊन जा. येताना त्या ६० जणांपैकी कोण कुठून येतो, याचा कागद आण. नावे तोंडपाठ झाली असतील तर कागद नको.

तुझा,
काका